पोच न घेतलेलं पत्र

शैला, तुझ्या श्रद्धांजलीचा फलक काल मीच उतरवायला लावला. नाक्यावर, बसस्टॉपच्या डोक्यावर, चांगला दोन मजली होता. तुझा पासपोर्टचा फोटो एवढा मोठा केला होता की कपाळावरची टिकली ताटाएवढी झाली होती. खाली ‘शोकाकुल’ म्हणून वीसेक जणांचे चेहरे, त्यातले निम्मे तुझ्याविरुद्ध निवडणूक लढलेले. विनापरवाना फलकाची तक्रार आली, आणि वॉर्ड ऑफिसात तक्रारी माझ्याच टेबलावर येतात. मी नेहमीसारखा शेरा मारला, गाडी गेली आणि तू खाली आलीस. नगरसेविका झाल्यावर पहिल्याच वाढदिवसाला जिनं शिडीवर चढून स्वतःचे फलक कापले, तिला हे पटलंच असतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण ती गुंडाळी घेऊन गाडी ऑफिसच्या आवारात शिरली तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

आज सतरा दिवस झाले तुला जाऊन. लोक तुझ्याबद्दल जे बोलतात ते बहुतेक खरं आहे, त्यात मला भर घालायची नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या तोंडावर सांगायला हवी होती. तू म्हणायचीस, ‘नंदे, तुझी चूक असली की तू आधी चहा ठेवतेस.’ तेव्हा मी इकडचं तिकडचं बोलत बसले तर समजून घे, आधण ठेवलंय.

लालबागच्या आपल्या चाळीत मजल्याच्या टोकाला चार संडास होते. बायकांच्या दोनांपैकी एकाची कडी कायमची तुटलेली. तू आत गेलीस की मी बाहेरून दार ओढून धरायची, मी आत गेले की तू धरायचीस. आपली मैत्री शाळेत झाली असं सगळ्यांना वाटतं, पण ती त्या दाराशी झाली. एकदा समोरच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवायला घेतलेत असं कुणीतरी ओरडलं आणि मी दार सोडून पळाले. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तुझी आई दोघींकडे बघून विचारायची, ‘काय गो, काय झाला तुमका?’ पाचव्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, ‘धरायचं नसेल तर आधी सांगायचं.’

आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाला खरं तर तुझा नवरा हवा होता. नवरा पुरुष निघाला म्हणून तुझा नंबर लागला. पहिले सहा महिने लोक तुझ्यासमोर बसून तुलाच ‘साहेबांना सांगा’ म्हणत. साहेब म्हणजे प्रकाशभाऊजी, जे त्या वेळी घरी अनघाची शाळेसाठी वेणी घालत असत. तू कुणाला सुधारायला गेली नाहीस. ‘सांगते हं’ म्हणायचीस आणि काम स्वतः करून टाकायचीस. हळूहळू लोकच साहेबांना विसरले.

मी तोवर वॉर्ड ऑफिसात आठ वर्षं काढली होती, आणि तिथं आम्हा बायकांसाठी धड संडास नव्हता. सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा घ्यायचा, मग संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, हा माझा नेम होता. मी तुला हे कधी बोलले नव्हते. एका दुपारी तुझ्या टेबलाशी तू पाण्याचा ग्लास पुढे केलास आणि मी नको म्हटलं. मे महिना होता. पुढच्या प्रभाग समितीच्या सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘या इमारतीत काम करणाऱ्या बायका कुठे जातात?’ सगळी सभा हसली. अध्यक्ष म्हणाले, बाई, बसा. तू म्हणालीस, उत्तर मिळालं की बसते.

त्या प्रश्नातून ऑफिसात झालेल्या संडासाची चावी अजून माझ्या पर्समध्ये असते. तुझे आभार मी कधी मानले नाहीत, कारण मानले असते तर तू म्हणाली असतीस, तुझ्यासाठी केलं का, प्रश्न विचारला फक्त. आज मानते. आठ वर्षांनंतर ऑफिसात बसून पोटभर पाणी प्यायले तो दिवस मला चांगला आठवतो.

आपला वाद मात्र राहूनच गेला. मी म्हणायची, एवढं मोठं शहर माणसं ओळखून चालत नाही, पद्धतीनं चालतं. पत्र येतं, त्याला आवक क्रमांक पडतो, ते खात्याकडे जातं, उत्तर येतं. तू म्हणायचीस, ‘पद्धत चांगलीच आहे गं. पण तिला कुणीतरी ढकलायला लागतं.’

‘रोज ढकलायला लागली तर ती पद्धत कसली?’

‘मग बंद पडलेली बस समज. पण आत माणसं बसलीत ना?’

मी म्हणायची, जगातल्या मोठमोठ्या शहरांत नळ गळतो म्हणून कुणी नगरसेवकाच्या दारात जात नाही. तू लगेच, ‘त्यांच्या नळाला पाणी येत असेल.’ यावर मी विषय बदलायची. तू मुद्दाम तोच विषय काढायचीस, माझ्या घरी, माझाच चहा पीत.

मग सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि तू माजी झालीस. तुझ्याकडे जुने लेटरहेड उरले होते. प्रत्येक कागदावर छापील ‘नगरसेविका’च्या आधी तू पेननं ‘माजी’ लिहायचीस, शाळेत शुद्धलेखन लिहायचो तसं ठसठशीत. नवे छापून घे म्हटलं तर म्हणालीस, ‘चांगले कागद कशाला फुकट घालवायचे? माजी झाले, मेले नाही.’

आमच्या नियमाप्रमाणे लोकप्रतिनिधींच्या पत्राची नोंदवही वेगळी. माजी माणसाचं पत्र सर्वसाधारण गठ्ठ्यात. तुला ते ठाऊक होतं. तू एकदाही माझ्या केबिनमध्ये येऊन पत्र दिलं नाहीस. खाली काउंटरला रांगेत उभी राहायचीस, पत्राच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायचीस, आणि मग वर येऊन ती पोच मला दाखवायचीस, प्रगतिपुस्तक दाखवावं तशी. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तू तेच शिकवलंस. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. मथुराबाई कोळणीला लिहिता येत नाही, पण शिक्का नीट उमटलाय की नाही हे ती उजेडात धरून बघते. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘केवढा गं अविश्वास?’ तर म्हणालीस, ‘तुमच्या ऑफिसला पाचपोच नाही, म्हणून निदान एक पोच तरी मागून घ्यावी लागते.’ मी हसले होते. चिडलेही होते.

आता आधण उकळलंय, सांगायलाच हवं.

तो रविवार. तू अँटॉप हिलला माझ्या घरी आलीस. दोन जिने चढून आलीस आणि दारातच बसलीस, चपला काढायच्या निमित्तानं. औषधांनी केस गेलेले, डोक्याला रुमाल. रांगेत उभं राहवत नाही असं तू म्हणाली नाहीस. पिशवीतून पत्र काढलंस. मंडईत मासळीच्या बाजूला बायकांचा संडास आहे, त्याला दुरुस्तीसाठी कुलूप लागलं. दुरुस्ती झाली आणि कुलूप तसंच राहिलं. बाजार खातं म्हणे चावी घनकचरा खात्याकडे, ते म्हणे आम्ही ताबाच घेतला नाही. सगळं भिजत घोंगडं. कोळणी सकाळी बसतात त्या दुपार टळेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. मथुराबाईला त्यापायी दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप भरला, तिनं जागा सोडायचं मनात आणलं होतं.

‘उद्या काउंटरला दे,’ तू म्हणालीस, ‘आणि पोच घेऊन ठेव माझ्यासाठी.’

मी म्हटलं, ‘अगं, तक्रारींची अधिकारी मीच. आपल्यात पोच कसली?’

तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलशील. पण तू ‘बरं’ म्हणालीस आणि चहा प्यायलीस. थकली होतीस म्हणून की माझ्यावर भरवसा होता म्हणून, ते मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांची धावपळ सुरू झाली. जगातल्या मोठ्या शहरांचा कारभार बघणारे अधिकारी येणार होते. एवढं अफाट शहर हे लोक चालवतात कसं, ते त्यांना पाहायचं होतं. दुभाजक रंगले, कुंड्या आल्या, फेरीवाल्यांना दोन दिवस सुट्टी मिळाली. तक्रार निवारणावर मी बोलायचं होतं. तुझं पत्र पर्समधून ड्रॉवरमध्ये गेलं, त्यावर भाषणाचे कागद आले, त्यावर जेवणाच्या पासांची पाकिटं.

पाहुण्यांना मंडई दाखवायची होती, दर्शनी बाजूनं, फळांची. त्यातली एक उंचशी बाई, तिच्या शहराची सांडपाण्याची सगळी व्यवस्था तिच्याकडे, हळूच माझ्याजवळ आली आणि संडास कुठे आहे म्हणून विचारलं. मी त्या कुलपापासून वीस पावलांवर उभी होते, शैला. मी तिला गाडीत घातलं, ऑफिसात आणलं आणि पर्समधली चावी काढून दिली. परतताना गाडीत तिनं विचारलं, बाजारात बसणाऱ्या बायका कुठे जातात? शब्दाला शब्द, तुझाच प्रश्न. मी म्हटलं, दुरुस्ती चालू आहे. इंग्रजीत ते फार बरं वाटलं ऐकायला. तिनं वहीत लिहूनही घेतलं.

तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. विसरले होते असं खोटं आता तरी तुला सांगत नाही. आठवलं, आणि मनात म्हटलं, उद्या. संध्याकाळी माझ्या भाषणाचं कौतुक झालं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ती म्हण माझ्यासाठीच केली असावी.

मग तू परळच्या हॉस्पिटलात गेलीस. घरच्यांशिवाय कुणाला सोडत नव्हते. अनघानं मला मावशी म्हणून आत घेतलं. तू डोळे मिटून होतीस. मी हात धरला तर डोळे न उघडता विचारलंस, ‘कुलूप निघालं काय गो?’

मी म्हटलं, ‘निघालं.’

‘बायका जातात?’

‘जातात.’

‘पाणी आहे?’

‘आहे.’

‘बरं झालं,’ तू म्हणालीस. तुझी बोटं माझ्या हातात सैल झाली. मला वाटलं, आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा. खरं कारण ते नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलं असतंस, आणि मला ते नको होतं. तीन दिवसांनी तू गेलीस. शांतपणे गेली, सगळे म्हणतात. त्या शांतपणात माझं खोटं किती होतं, हे कुणाला माहीत नाही, असं मला दहाव्यापर्यंत वाटत होतं.

दहाव्याला मथुराबाई आणि आणखी तिघी आल्या. टोपल्या खाली ठेवून, पदर सारखा करून ओळीनं बसल्या. जरा वेळानं मथुराबाई मला म्हणाली, ‘बायनं पोरीच्या हाती निरोप दिलेला, नंदानं कुलूप काडला म्हनून. आमी गेलो. कुलूप हाये तसाच हाये.’ आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की आपण चुकीच्या दाराशी गेलो. म्हणजे तू हॉस्पिटलात पडल्या पडल्या अनघाला फोन करायला लावला होतास. त्यांना आनंदाची बातमी दिली होतीस, आणि वर माझं नाव घातलं होतंस.

अनघा समोर प्रकाशभाऊजींना पाणी देत होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मला तिथंच सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘बघते मी, होईल.’ तोंडाला सवयच झाली आहे त्या वाक्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉवर उपसला, पत्र घेतलं आणि चालत मंडईत गेले. बाजार निरीक्षकाला बोलावलं. चावी कुणाकडे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या बर्फवाल्याकडून हातोडा आणला आणि कुलूप तोडलं. मी घड्याळ बघितलं नसतं तर बरं झालं असतं. वीस मिनिटं लागली, त्यात हातोडा शोधायची दहा. आत नव्या फरशा, नवं बेसिन, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. नळ सोडला तर पाणी नाही. जोडणीच दिलेली नव्हती. तू विचारलेल्या तीनही प्रश्नांची खरी उत्तरं मी त्या दारात उभी राहून ऐकली.

मग ऑफिसला आले, काउंटरच्या रांगेत उभी राहिले. मला बघून आवक कारकून गडबडला. पत्र वाचून त्याला सगळं समजलं असावं, कारण तो हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, तारीख कुठली टाकू? मागची टाकतो, हरकत नाही.’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मागची तारीख पडली असती तर पत्र वेळेवर आलं, खात्यानं लटकवलं, असा हिशेब झाला असता. माझं कुठे नावच नाही. शैला, तुला आता खोटं सांगायचं नाही म्हणून हेही सांगते, मी एक क्षण थांबले. मग म्हटलं, आजची टाक. आणि शेऱ्यात लिहिलं की सदर पत्र अर्जदारानं समक्ष दिलं होतं, ते माझ्याकडे पडून राहिलं, विलंब माझा आहे. संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या साहेबांनी बोलावलं. एवढं लिहायची काय गरज होती, असं विचारलं. माझ्याकडून खुलासा मागवला आहे. तो देईन. तो कठीण नाही, त्याचा नमुना ठरलेला असतो. तुला काय द्यायचा खुलासा, त्याचा नमुना मला सापडत नाही.

आपला वाद तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणाली नसतीस. पद्धत वाईट नव्हती गं. तुझं पत्र त्या दिवशी पद्धतीत शिरलं असतं तर कुठेतरी अडकलं असतं, पण तारखेसकट अडकलं असतं, आणि तू ती तारीख दाखवून पुन्हा ढकललं असतंस. मी त्याला आत जाऊच दिलं नाही. मैत्रीच्या नावावर मी ते पत्र हरवलं. तुझा अख्खा जन्म लोकांना हेच सांगण्यात गेला की साहेबाच्या ओळखीवर जाऊ नका, शिक्का घ्या. आणि तू स्वतः एकदाच ओळखीवर गेलीस, माझ्याकडे.

आज दुपारी अनघा ऑफिसात आली. मला कळवलं नव्हतं. मी जिना उतरत होते तेव्हा ती दिसली, काउंटरच्या रांगेत सहावी. तुझ्यासारखीच खांद्यावर पिशवी अडकवून, एका पायावर भार देऊन उभी. हातात साधा कागद, त्यावर मंडईतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. मंडईतल्या नळाला पाणी द्या, एवढंच पत्र.

मी जवळ गेले. ‘अगं, उन्हातून आलीस, वर येऊन बस. पाण्याचंच आहे ना? दे इकडे, मी आजच्या आज...’

तिनं कागद छातीशी धरला. रागावली नव्हती ती. उलट मला वाईट वाटू नये म्हणून जरा हसली, आणि अगदी हळू, रांगेतल्या दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, ‘तुझ्याकडे नको, मावशी. इथं पोच मिळते.’

रांग पुढे सरकली. मी बाजूला झाले, शैला.